उशांची तटबंदी

बाळ पालथं पडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं; कधी, ते फक्त बाळाला. साधारण चौथ्या महिन्यात सुरुवात होते. कुणी तिसऱ्यातच उरकतं, कुणी सहाव्यापर्यंत ताणतं. मुहूर्त मात्र ठरलेला: आपण डायपर घ्यायला पाठ फिरवतो तो.

सूचना मिळत नाही असं नाही. पाय वर जातात, टाचा धाडकन एका बाजूला पडतात, कंबर वळते, मागून खांदा येतो. हात छातीखाली अडकला की स्वारी अर्ध्यावरच थांबते, आणि आपण टाळ्या पिटतो. ही नुसती खटपट दिसली तरी त्या दिवसापासून दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर तोंड उचलणार कशाच्या जोरावर?

यावर घरोघरचा उपाय म्हणजे पलंगावर मध्यभागी राजे आणि भोवती उशांची तटबंदी. या किल्ल्यावर माझा भारी राग आहे. बाळ उशीपाशी थांबत नाही. एक तर तिच्यात नाक खुपसतं, नाही तर तिच्यावरून पलीकडे उतरतं. यातलं पहिलं जास्त भयंकर, कारण त्याचा आवाज होत नाही. पलंग भिंतीला लावणारे आणखी हुशार. भिंत आणि गादीमधली फट बाळाला बरोबर सापडते.

त्यापेक्षा कठड्याची कॉट बरी. गादी टणक, सपाट, वर ताणून बसवलेली चादर, बस्स. ससा नको, अस्वल नको, उशी तर नकोच. गादी आणि कठड्यामध्ये दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील तर गादी लहान आहे. गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आत हवं. वर्षाचं होईपर्यंत झोपवायचं उताणंच. दोन्हीकडून वळता येणारं बाळ झोपेत आपणहून पालथं झालं तर राहू द्यावं. रात्रभर पुस्तकाचं पान उलटल्यासारखं त्याला उलटत बसू नये. परतीची पलटी जमत नसेल, तर मात्र हळूच उताणं करावं.

डायपर बदलायला जमिनीइतकी उत्तम जागा नाही. जमिनीवरून पडून जाणार कुठे? टेबलच वापरायचं असेल तर सामान आधी हाताशी मांडावं, पट्टा लावावा आणि तरीही एक हात पोटावर ठेवावा. फोन वाजतो, वाजू दे.

जमिनीवर आणल्यावर एकदा आपणही पालथं पडून बघावं. कपाटाखाली एक अख्खं जग असतं. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाईल ते सगळं बाळाच्या घशातही अडकू शकतं. बटणासारखा सेल सर्वांत वाईट: गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

एवढं करून पडलंच तर डॉक्टरांना फोन करावा. उलट्या, गुंगी किंवा झटका दिसला तर फोनही नको, थेट दवाखाना.

मधल्या काळात पालथं पडायचं, अडकायचं, रडायचं, आपण उताणं करायचं, आणि तत्क्षणी पुन्हा पालथं, असा उद्योग चालतो. जागेपणी, समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा 3 ते 5 मिनिटं पोटावर खेळवलं की मानेत आणि दंडात जोर येतो. तोवर कंबर मोडते ती आपली.