म्हातारपणाच्या अभ्यासाला सलग पैसा मिळायला हवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, शिरूर कासार या भागांतली तरणी माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि गावात म्हातारी माणसे, शाळकरी नातवंडे आणि जनावरे उरतात. पुढचे पाच-सहा महिने पासष्ट-सत्तरीची आजी पहाटे उठून पोरांचा डबा करते, म्हशीची धार काढते, रेशन आणते आणि एखाद्याला ताप भरला तर त्याला घेऊन वडापने तालुक्याच्या दवाखान्यात जाते. ती नसेल तर त्या लेकरांची शाळा सुटते आणि त्यांनाही आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जावे लागते. तरीही लोकसंख्येचे गणित मांडताना साठी ओलांडलेली ही बाई ‘अवलंबित’ या रकान्यात जाते. वार्धक्यातील कार्यक्षमता आणि स्वास्थ्य यांवरच्या संशोधनाला सरकारने भरीव आणि खंड न पडणारा निधी द्यावा, असे मला वाटते ते प्रामुख्याने अशा बायकांमुळे.

असे संशोधन आपल्याकडे होतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) या म्हातारपणाविषयीच्या, त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा भेटण्याच्या पाहणीची पहिली फेरी केली आणि देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची माहिती घेतली. साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ३६ टक्के तेव्हाही काम करत होती; पुरुषांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, तर बायकांत २२ टक्के होते. वर सांगितलेली आजी या २२ टक्क्यांत धरली गेली असेलच असे नाही, कारण घरातल्या बिनपगारी राबण्याला आपण अजून मनापासून काम मानलेले नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने अशा श्रमांचे तास मोजले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

‘लासी’ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाबरोबरच अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेनेही पैसा दिला. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु आपल्या म्हाताऱ्यांचा अभ्यास दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. या प्रकारच्या पाहणीचे सगळे मोल तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटण्यात असते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची अशी पाहणी १९९२ पासून साधारण दर दोन वर्षांनी होत आली आहे, आणि म्हणूनच निवृत्तीनंतर माणसाच्या प्रकृतीचे, पैशाचे आणि स्मरणशक्तीचे काय होते हे तिथे आकड्यांनिशी सांगता येते. आपल्याकडे संशोधन प्रकल्पाला दोन-तीन वर्षांची मंजुरी मिळते, ती संपली की कंत्राटावर घेतलेली, गावोगावच्या घरांची ओळख झालेली माणसे पांगतात आणि पुढच्या प्रकल्पाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पैसा कुठे लागतो याचे एक उदाहरण देते. स्मरणशक्ती तपासण्याची जी चाचणी जगभर रूढ आहे, तिच्यात आजची तारीख विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला लावतात. जिने जन्मात पेन्सिल धरली नाही, पण अमावास्या किती दिवसांवर आली आहे आणि कोणत्या म्हशीचे कितवे वेत आहे हे जी न चुकता सांगते, ती बाई या चाचणीत नापास होते. हरियाणातील बल्लभगढला १९९० च्या दशकात संशोधकांनी निरक्षरांसाठी या चाचणीचे हिंदी रूप चिकाटीने घडवले. तसे काम मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, गोंडी आणि भिली बोलणाऱ्या वृद्धांसाठी व्हायचे तर भाषेचे जाणकार, डॉक्टर आणि गावात फिरणारे कार्यकर्ते यांना वर्षानुवर्षे पगार द्यावा लागेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त आहे. मोजमापच कच्चे राहिले तर या माणसांपर्यंत उपचार कसे पोहोचणार?

हाच पैसा थेट पेन्शनमध्ये घालावा, असे काही जण म्हणतील. पेन्शन वाढली पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांखालच्यांना महिन्याला अवघा २०० रुपये आहे, आणि तो लाजिरवाणा आहे. पण वाढीव पैसा औषधाला गेला, नातवाच्या फीला गेला की सावकाराकडे गेला, हे कोणी तरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्यामुळे म्हातारी माणसे लेकीकडे जास्त जाऊ लागली का, मोतीबिंदूचे ऑपरेशन वेळेवर करून घेऊ लागली का, एकटेपणा कमी झाला का, हे शोधायला फार मोठी रक्कमही लागणार नाही.

राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात या कामासाठी निदान दहा वर्षांची हमी असलेले वेगळे शीर्ष असावे, त्यातला मोठा वाटा अंबाजोगाई, नांदेड, धुळे, यवतमाळ अशा ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावा, आणि अभ्यासात सामील झालेल्या गावांना निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवण्याची अट मंजुरीच्या पत्रातच घालावी.