तसदी घेतली होती!

महोदय,

‘बॅटर’ (बडवत राहणं) या इंग्रजी शब्दाला ‘बीट’चं (मारणं) भावंड म्हणणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “बीट आणि बॅटर ही भावंडं नाहीत. फ्रँकलिनचं साल चुकलंय. भज्यांच्या पिठाचा मारहाणीशी काय संबंध? शब्दकोश उघडायची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं.”

आधी साल. लायडन बरण्यांच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या, संचाला अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने ‘बॅटरी’ (बॅटरच्याच घरातला शब्द) म्हटलं ते १७४९ साली. माझ्याकडून १७९४ पडलं. तोवर त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. चूक कबूल, दुरुस्तही केली.

‘तसदी’ मात्र लागली. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. माझ्या शब्दकोशाची पाठ तीनदा शिवून घेतलीय, ‘बी’ची पानं तरीही सुटी होतात. आपली प्रतिक्रिया रात्री पावणेदोनची आहे. झोप येत नसेल तर दुसऱ्याला धोपटावं, हा बॅटरचा अर्थ मी लेखात दिला नव्हता, आपण करून दाखवलात.

आता पीठ. लॅटिन ‘बात्तुएरे’ म्हणजे बडवणं. त्यातून जुनं फ्रेंच ‘बात्र’ आणि तिथून इंग्रजी ‘बॅटर’ : एक फटका नव्हे, फटक्यामागून फटका. केकचं, भज्यांचं बॅटरही त्याच घरातलं, कारण ते फेटून फेटूनच होतं. आपण कधी दहीवड्यांसाठी वाटलेली उडदाची डाळ हाताने फेटलीय? माझी आई पातेलं पायांत धरून बसायची. पंजा वाकवून एकाच दिशेने थप थप थप, ओसरीपर्यंत ऐकू यायचं. मधेच वाटीतल्या पाण्यात पिठाचा थेंब सोडायची. बुडाला की पुन्हा थप थप. तरंगला की मगच कढई चढायची. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पिठाचा आणि बडवण्याचा संबंध कोशात शोधावा लागत नाही. (कोशातही आहेच, म्हणा. आपणच उघडून पाहा.)

राहता राहिला ‘बीट’. तो जुन्या इंग्रजीतला, जर्मानिक कुळातला, हे काय मला माहीत नाही? ‘भावंडं’ मी अर्थाने म्हटलं होतं. सुज्ञांना ते कळलं. बाकी कुणी तक्रार केलेली नाही.

पुढचा लेख ‘बॅटरी’वरच आहे : तोफांच्या माऱ्यापासून आपल्या उशाशी असलेल्या विजेरीपर्यंत. सालं आत्ताच तपासून ठेवा. रात्री वेळ असतोच आपल्याला.