तरंगणारा आंबा ‘कार्बाइडचा’च असतो असं नाही

पुण्यात हापूसच्या पेट्या यायला लागल्या की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: ‘आंबा पाण्यात टाका. बुडला तर नैसर्गिक, तरंगला तर कार्बाइडचा. साल पिवळी नि देठ हिरवा असेल तर ते केळं विषारी. इथिलीनही केमिकलच. म्हणून सगळी फळं कच्ची आणा आणि घरी तांदळात पिकवा.’ यंदा आमच्या शेजारच्या आजींनी तो वाचून सहा चांगले आंबे कचऱ्यात टाकले. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

कार्बाइडची, म्हणजे फळं झटपट पिकवायला वापरतात त्या कॅल्शियम कार्बाइडची, भीती खरीच आहे. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, आणि बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक नि फॉस्फरसचे अंश असतात. फळं पिकवायला ते वापरण्यावर देशभर बंदी आहे. पण ते पाण्याच्या पातेल्यात ओळखता येत नाही. आंबा झाडावर जून होतो तसा गर भरतो, फळ पाण्यापेक्षा जड होतं आणि बुडतं. कोवळा काढलेला तरंगतो. म्हणजे फळ कधी उतरवलं एवढंच पाणी सांगतं, कशानं पिकवलं ते नाही. जून आंबा कार्बाइडवर पिकवला तरी बुडणार, कोवळा आंबा पेंढ्यात पिकवला तरी तरंगणार! परीक्षा करायचीच तर कच्च्या आंब्यांची करा. तरंगतील ते वेगळे काढून पन्ह्याला वापरा. अढीत घालूनही त्यांना गोडी येत नाही.

केळ्याचंही तसंच. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, गारव्यात इथिलीन वायूवर पिकलेल्या केळ्याचा देठ बरेचदा हिरवा राहतो. उलट मेच्या उकाड्यात घरी ठेवलेलं केळं आतून मऊ होतं, तरी साल नीट पिवळी होत नाही. रंगावरून विष ठरवता येत नाही.

इथिलीन तर पिकणारं फळ स्वतःच सोडतं. म्हणूनच पिकल्या केळ्याशेजारचा कच्चा चिकू लवकर पिकतो. चेंबरमध्ये हा वायू 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) वापरायला एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, परवानगी आहे. त्याला कार्बाइडच्या पंगतीला बसवणं चूक आहे.

आणि ‘सगळी फळं’? आंबा, चिकू, पपई, सीताफळ, पेरू काढल्यावरही पिकतात. द्राक्षं, मोसंबी, डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांची गोडी तोडल्यावर वाढत नाही. ती तांदळात ठेवली तर सडतील.

तांदळात आंबा पिकतो, कारण फळानं सोडलेला वायू तिथे कोंडला जातो. पण हवा खेळत नाही, आणि खालचं फळ नासलेलं कळतही नाही. त्यापेक्षा मार्केट यार्डातून कच्ची पेटी आणा, कोरडा पेंढा पसरून त्यावर एकच थर लावा, फळं एकमेकांना दाबू देऊ नका. एक दिवसाआड हात फिरवा, देठाजवळ वास सुटलेली काढून घ्या. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र घालू नका; साल काळवंडते आणि पुढे तो नीट पिकत नाही. पिकल्यावर खुशाल ठेवा.

कार्बाइडचा संशय असेल तर पेटीचा तळ बघा. करड्या खड्यांची पुडी दिसली आणि लसणासारखा उग्र वास आला, तर फळं खाऊ नका. पेटी तशीच ठेवून फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.