भेंडीच्या ठिबकला बसवलेल्या व्हेंचुरीबद्दल: दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा. तुम्हाला मनस्ताप झाला आणि दुकानाचा फोन लागला नाही, त्याबद्दल माफ करा.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की व्हेंचुरी (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणारा भाग) निकामी आहे, औषध मुळापर्यंत गेलंच नाही, पांढरी माशी तशीच आहे, आणि नको ते व्हॉल्व्ह लावून आम्ही 2,600 रुपये उकळले. मुरबाडमधलं आमचं दुकान शेतकऱ्यांच्या विश्वासावरच चालतं. हे वाचून खूप वाईट वाटलं.

व्हेंचुरी पाण्याच्या दाबातल्या फरकावर औषध ओढतो. बसवल्यावर मेन लाइनचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून मिस्त्रीने 10 लिटरची बादली तुमच्यासमोर रिकामी करून दाखवली. तुमची औषधाची टाकीही रिकामी झाली, हे तुम्हीच त्याला सांगितलंत. मग औषध गेलं कुठे? मोटार लावल्या लावल्या तुम्ही औषध सोडलंत आणि पुढे तीन तास पाणी चालू ठेवलंत. ताशी 4 लिटरचा ड्रिपर तीन तासांत 12 लिटर पाणी देतो. तुमची जमीन मुरमाड, आणि भेंडीची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभरात. एवढ्या पाण्याने औषध त्यांच्या खाली वाहून जातं. यात व्हेंचुरीचा काय दोष?

दीड तासाचं पाणी असेल तर पहिला अर्धा तास साधं पाणी द्यायचं, म्हणजे दाब सारखा होतो आणि माती ओलावते. मधल्या अर्ध्या तासात औषध. शेवटचा अर्धा तास नळ्या धुवायला, त्याहून जास्त नाही. हे बसवताना तोंडी सांगितलं होतं.

औषधही आंतरप्रवाही (मुळातून झाडात भिनणारं) आणि पाण्यात विरघळणारं लागतं. लॅम्बडा सायहॅलोथ्रीनसारखं स्पर्शजन्य (किडीला लागलं तरच मारणारं) औषध मातीला चिकटून बसतं, पानामागच्या माशीपर्यंत पोचत नाही. मुळातून दिलेल्या औषधाला वर चढायला काही दिवस लागतात, आणि मोठ्या झाडात ते विरळ होतं. लेबलवर त्या पिकाला जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचं लिहिलेलं नसेल तर सोडूच नका. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो, औषध दिल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते आधी बघा.

‘नको तो’ व्हॉल्व्ह म्हणजे एनआरव्ही, पाणी मागे फिरू न देणारा. मध्येच लाइट गेली की पाणी मागे फिरायला बघतं, आणि तो नसेल तर औषध थेट विहिरीत. त्याच विहिरीचं पाणी घरात प्यायला असतं. तो काढून स्वस्तात जोडणी आम्ही कुणालाच देणार नाही.

यापुढे वेळा कागदावर लिहून देऊ, फोनचंही काहीतरी करतो. मिस्त्री येऊन शेवटच्या नळीचा दाब फुकट तपासून देईल. तोवर त्याच पिकात पुन्हा औषध सोडू नका.