'आज्ञाधारक यंत्रे' म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

महोदय,

राष्ट्रीय छात्रसेनेवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेत : 'छात्रसेना विचार करणारी मुले घेते आणि आज्ञाधारक यंत्रे परत देते. अभ्यास बुडतो तो वेगळाच, आणि सारी धडपड शेवटी प्रमाणपत्रासाठी.' मतभेदाचे मला वाईट वाटत नाही. परंतु ज्या मुलांना आपण कधी भेटलाही नाहीत, त्यांना एका फटकाऱ्यात यंत्रे ठरवून मोकळे होणे ही टीका नव्हे, अवहेलना आहे.

आपण दाखवलेली एक चूक मान्य करतो. महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली ती १९६३ मध्ये. मी १९६२ लिहिले होते. मात्र ती सक्ती १९६८ मध्ये उठली, हे सांगायचे आपण टाळलेत. आज मुले स्वेच्छेने येतात आणि त्यांच्यावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नसते.

आता 'यंत्रां'विषयी. अकरावीत असताना वर्गात स्वतःचे नाव सांगतानाही मी अडखळत असे. वर्षभर इतरांचे हुकूम पाळल्यावर तुकडी चालवण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी 'थम' हा थांबण्याचा हुकूम चुकीच्या पावलावर दिला आणि सारी रांग विस्कटली. आमचे कवायत शिकवणारे उस्ताद एवढेच म्हणाले, की चूक त्यांच्या पायांची नाही, तुझ्या आवाजाची आहे. हुकूम देणाऱ्याने आधी पाळणाऱ्याचे पाऊल पाहायचे असते, हे मला त्या संध्याकाळी कळले. पुढे शिबिरात नकाशावाचनाच्या वेळी मी तुकडीला भलत्याच दिशेने नेत होतो, तेव्हा सर्वांत कनिष्ठ छात्रसैनिकाने होकायंत्र पुढे करून मला थांबवले, आणि मी वाट बदलली. यंत्र असे थांबवते का, हे आपणच सांगावे.

अभ्यासाचे म्हणाल, तर परेडमुळे नापास झालेला एकही सोबती मला आठवत नाही. प्रमाणपत्राचे म्हणाल, तर 'सी' या छात्रसेनेच्या सर्वांत वरच्या प्रमाणपत्रासाठी शिबिरे करावी लागतात, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. त्याच्या आधारे सैन्यातील अधिकारपदाच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षा टळते, निवड मंडळापुढील मुलाखत टळत नाही. कष्टाने मिळवलेल्या गोष्टीची हाव धरली म्हणून मुलांना नावे ठेवणे मला पटत नाही.

एखाद्या सकाळी परेडच्या मैदानावर जाऊन या. त्यानंतरही तोच शब्द लिहावासा वाटला, तर अवश्य लिहा. मी पुन्हा उत्तर देईन.