बांध आणि बारा मिलीची सळई

टार्नेटमधलं घर दाखवताना एजंटने आम्हाला स्वयंपाकघरातला दगडी ओटा दाखवला, दिवाणखान्यातला उजेड दाखवला, जवळची शाळाही दाखवली. मागच्या अंगणात मात्र त्याने फार वेळ उभं राहू दिलं नाही. का, ते पहिल्या पावसात कळलं. मेलबर्नचा हा पश्चिमेचा पट्टा लाव्ह्याच्या थरावर वसलाय. वर चपलेला सोडायला तयार नसलेली चिकणमाती आणि खाली काळा बेसॉल्ट. सह्याद्री मागे टाकून जवळपास दहा हजार किलोमीटर उडत आलो, आणि अंगणात पहार मारली तर खाली तोच दगड खण्णकन वाजला.

तरी बायकोला हिरवळ हवी होती. ती लावायचं ठरतंय तोवर ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात, सासरे आले. अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे तासगावकडचे. गावाकडच्या दीड एकराच्या बांधावरून त्यांची चुलतभावाशी कोर्टात केस चालू आहे. ही केस माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी आहे, आणि घरात तिचे लाडही बायकोपेक्षा जास्त झालेत असं बायकोचं म्हणणं. अण्णांनी अंगण पायांनी मोजलं आणि निकाल दिला, "अर्ध्यात मेथी-कोथिंबीर. उरलेल्यात तुमचं ते गवत."

मग दोघांच्या मध्ये काहीतरी हद्द हवी. अण्णांच्या डोळ्यांसमोर तिरक्या पुरलेल्या विटा होत्या, एक गेरूने रंगवलेली, एक चुन्याने. "कलेक्टरच्या बंगल्यालासुद्धा तेच असतं." बायको म्हणाली, "अण्णा, कलेक्टरला हप्ते भरावे लागत नाहीत. इथे लाकडी स्लीपर टाकतात."

पूर्वी रेल्वेच्या रुळांखालून निघालेले स्लीपर लोक बागेत टाकायचे. आता बागेसाठी म्हणून मुद्दाम कापून विकतात. २.४ मीटर लांब, २०० मिलिमीटर रुंद, जाडी ५० किंवा ७५. रेड गमचे, म्हणजे इथल्या निलगिरीच्या जातीच्या कठीण लाकडाचे, घेतले तर टिकतात, पण उचलायला चौघं लागतात आणि किंमत ऐकून पाचवा लागतो. आम्ही ७५ जाडीचे पाइनचे घ्यायचे ठरवले.

शनिवारी गोदामाएवढ्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. अशा दुकानांबाहेर शनिवार-रविवारी कुठल्यातरी संस्थेच्या मदतीसाठी सॉसेज भाजून पावात देतात. अण्णा माळकरी, त्यामुळे त्यांना नुसता कांदा-पाव. (हा कांदा इथे गंभीर विषय आहे. २०१८ साली एका साखळी-दुकानाने कांदा सॉसेजच्या खालीच घालावा, वर घातला की सांडतो आणि लोक घसरतात, असं फर्मान काढलं, तेव्हा देशाच्या पंतप्रधानांनाही त्यावर बोलावं लागलं.) आत गेलो तर लाकडाच्या ढिगापाशी धडधाकट पुरुष एक डोळा मिटून, फळी गालाशी धरून उभे. पीळ बघत होते. ओला पाइन वाळताना वेडावाकडा होतो, म्हणून सरळ फळी निवडणं हाच तिथला पुरुषार्थ. अण्णांना हे फार आवडलं. ढीग उपसून, दुकानातल्या पोराला घाम फोडून, त्यांनी वरसंशोधनाच्या चिकाटीने लाकूड पसंत केलं.

घोडं अडलं ते टोकाला ठोकलेल्या चिठ्ठीवर. तिच्यावर 'एच-४' होतं, म्हणजे जमिनीत राहू शकेल असं लाकूड. ते ठीक. पण खाली औषधाचं नाव होतं, तांबं, क्रोमियम आणि अर्सेनिक.

"म्हणजे सोमल!" अण्णा केवढ्यानं म्हणाले. "जावईबापू, माझ्या मेथीला सोमल?"

२००६ पासून ऑस्ट्रेलियात हे औषध मारलेलं लाकूड मुलांच्या खेळण्यांना, बागेतल्या टेबलांना, जिन्याच्या कठड्यांना वापरू देत नाहीत. बागेच्या कडेला चालतं. पण 'चालतं' हा शब्द पाणीपुरवठ्यातल्या माणसापुढे टिकत नाही. शेवटी अर्सेनिक नसलेलं, नुसत्या तांब्याच्या औषधाचं, महाग लाकूड घेतलं. गाडीतून ते निम्मं बाहेर आलं होतं. त्याला लाल फडकं बांधून, बायकोच्या मांडीवर एक टोक ठेवून घरी आणलं.

खोदायच्या आधी चौकशी करायला इथे एक सेवा आहे. आपला पत्ता कळवायचा, मग वीज, गॅस, पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात त्याचे नकाशे फुकट येतात. अण्णा ते नकाशे बराच वेळ बघत बसले. त्यांच्या खात्यात हा नकाशा एका फिटरच्या डोक्यात होता. तो रजेवर गेला की तालुक्याचं पाणी रजेवर. "एवढं सगळं कागदावर ठेवलं तर त्या फिटरला विचारणार कोण?" ते हळहळले.

काम मात्र त्यांनी झकास केलं. स्पिरिट लेव्हलवर त्यांचा विश्वास नाही. पारदर्शक नळी आणवली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, आणि बुडबुडा निघेपर्यंत मला हलू दिलं नाही. कोपरे तीन-चार-पाचच्या मापाने गुण्यात आणले. चर खणला, तळाशी खडी घातली, वर स्लीपर आडवे निजवले. कोपऱ्यांवर लांब जाड स्क्रू पिळले. मी म्हटलं, आता सळया ठोकून पक्कं करू. अण्णा म्हणाले, "एवढं जड धूड, कुठं पळून जातंय?"

कुंपणावरून शेजारचे पाजी डोकावले. त्यांनी स्वतःच्या अख्ख्या अंगणात सिमेंट ओतून प्रश्न मिटवलाय. "पाजी, कंक्रीट करा लो," असं म्हणून ते आत गेले. ते कधीही याच्याहून लांब सल्ला देत नाहीत.

पळून नाही, पण धूड सरकू लागलं. नोव्हेंबरच्या पावसाने माती फुगली, पुढे उन्हाने तिला भेगा पडल्या. ही जात आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीसारखीच, श्वास घेते आणि सोडते. लाकूड वाळलं तसं त्यालाही बाक आला. हे सगळं मी बायकोला शास्त्रोक्त समजावलं. ती म्हणाली, "मातीचं ठीक आहे. पण प्रत्येक वेळी गवताकडेच कसं सरकतं?"

उत्तर सकाळी चहाच्या वेळी खिडकीतून दिसलं. माकडटोपी घातलेले अण्णा स्लीपरच्या कडेखाली पहार घालून उभे होते. इकडेतिकडे पाहिलं, पहारेवर भार दिला, स्लीपर चार बोटं गवतात गेला. मग पायाने माती सारखी केली आणि त्या नव्या चार बोटांत बिया टाकल्या. हालचालीत इतकी सफाई होती की चुलतभावाची बाजू मला प्रथमच समजून घ्यावीशी वाटली.

बायको दारातून ओरडली, "अण्णा! बांध कोरताय?"

"छे गं. पाणी जायला वाट करत होतो."

तिने टेप आणली. अण्णांनी हरकत घेतली की मोजणीच्या वेळी दोन्ही पक्ष हजर हवेत आणि आधी नोटीस हवी. नोटीस तोंडी देण्यात आली. गवत वीतभर कमी भरलं.

त्या दुपारी मी बारा मिलीच्या, दोन-दोन फुटी सळया आणल्या. स्लीपरला आरपार भोकं पाडली आणि घण उचलला. पहिली सळई फूटभर गेली, खण्ण वाजली आणि थांबली. आणखी मारली तर वरून केळीच्या घडासारखी वाकली. बेसॉल्ट! भोक वीतभर सरकवून पुन्हा ठोकली, तीही खण्ण. आवाज ऐकून पाजी डोकावले आणि काही न बोलता आत गेले, तेच जास्त लागलं.

एवढा वेळ अण्णा खुर्चीत, हरलेल्या पक्षाच्या चेहऱ्याने बसले होते. पण चुकीचं काम बघवेना. उठले, पहार घेतली आणि टोचत टोचत दगडातली फट शोधून काढली. "इथं मार. सरळ नको, तिरकी. पुढची उलट्या बाजूला तिरकी. म्हणजे माती फुगली तरी लाकूड वर उचलत नाही." मी ठोकत गेलो, ते शोधत गेले. वर उरलेली टोकं ग्राइंडरने कापली. संध्याकाळी अण्णांनी प्रत्येक स्लीपरवर उभं राहून, उड्या मारून, शेवटी पहार घालून पाहिली. हललं नाही. "पक्कं झालं," ते म्हणाले, पण काही आनंदाने नाही.

मग चहाचा कप घेऊन ते पाजींच्या बाजूला गेले आणि कुंपणाला हात लावून बघू लागले.

"हे कुणी घातलं?"

"बिल्डरनं. पण पुढे बदलायचं झालं तर खर्च दोघांत निम्मा-निम्मा, इथे कायदाच आहे तसा."

"खर्च निम्मा, ते कळलं," अण्णा म्हणाले. "जागा मोजली होती का कुणी? टेप आण जरा."