टायर कॅम्बर नाही, टो खातो

गाडी खाली घेतलेल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा: "गाडी लोअर केली की कॅम्बर निगेटिव्ह होतो आणि टायर आतून खाल्ला जातो. कॅम्बर किट (कॅम्बर जुळवता येणारे पार्ट) लावा. स्प्रिंग बसवल्या दिवशीच अलाइनमेंट उरकून घ्या, स्क्रीनवर सगळं हिरवं आलं की निर्धास्त. तरीही झिजलाच, तर टायर मागे-पुढे बदलत राहा." यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो, हे मान्य. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेलं सस्पेन्शन) असलेली हॅचबॅक ३०-३५ मिलिमीटर खाली घेतली, तर तो साधारण अर्धा-पाऊण अंश वाढतो. म्हणजे चाक वरच्या बाजूने किंचित आत कलतं. भार आतल्या कडेवर थोडा जास्त येतो, पण चाक जातं मात्र सरळच. दीड अंशापर्यंतचा निगेटिव्ह कॅम्बर टायर बऱ्यापैकी निमूट सोसतो. ताम्हिणी-वरंध्यासारख्या घाटांतून नेहमी जाणाऱ्याचा टायर तर वळणांवर बाहेरच्या कडेनेही झिजतो, त्यामुळे हिशेब पुष्कळदा बरोबरीत सुटतो. तीन-चार अंशांचा, दिसण्यासाठी मुद्दाम दिलेला कॅम्बर ही वेगळी गोष्ट. तो टायर खातोच. पण तो शौक आहे आणि त्याची किंमत करणाऱ्याला ठाऊक असते.

खरा चोर टो आहे, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांचं पुढचं टोक आत किंवा बाहेर वळलेलं असणं. गाडी खाली आली की चाक धरणारा खालचा आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड दोघांचेही कोन बदलतात. दोघांची लांबी आणि टोकांच्या जागा वेगवेगळ्या, त्यामुळे दोघे वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि चाक स्टेअरिंगला हात न लावताही थोडं वळतं. बहुतेक गाड्यांत ते बाहेर वळतं, म्हणजे टो-आऊट होतो. आता हिशेब करा. १६ इंची रिमवर मोजून प्रत्येक चाकाला २ मिलिमीटर टो-आऊट असेल, तर कोन भरतो पाव अंशाच्या थोडा वर. ऐकायला काहीच नाही. पण चाकाची दिशा आणि गाडीची दिशा यांत दर किलोमीटरला जवळपास ५ मीटरचा फरक पडतो आणि तो टायर रस्त्यावर आडवा घासून भरून काढतो. १०,००० किलोमीटरला ५० किलोमीटर आडवी घासाघास! पाय ओढत चालणाऱ्याची चप्पल जशी जाते, तसंच. त्यात निगेटिव्ह कॅम्बरमुळे भार आधीच आतल्या कडेवर. मग वरून टायर धडधाकट दिसतो आणि आतून तारा डोकावतात.

ओळखायला मशीन लागत नाही. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोचलं, तर टो बिघडलाय. आतली कड नुसतीच सपाट झिजली असेल, तर कॅम्बरकडे बघा. दोन्ही कडा गेल्या असतील तर आधी हवा तपासा, बाकी सगळं नंतर.

मग "किट लावल्यावर माझा प्रॉब्लेम गेला" असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. किट किंवा कॅम्बर बोल्ट बसवला की नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) हलतो आणि टोही हलतो, म्हणून त्यानंतर टो नव्याने लावावाच लागतो. टायर वाचवतो तो हा टो, श्रेय मात्र किटला जातं. किट घालून टो तसाच सोडलेल्या गाडीचे टायर आधीपेक्षाही लवकर गोटा होऊ शकतात. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवत "कॅम्बर काढून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती तर गाडी देऊच नका.

आता अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनवरच्या हिरव्या रंगाबद्दल. ती मर्यादा कंपनीच्या मूळ उंचीसाठी ठरवलेली असते. लोअर गाडीचा कॅम्बर लाल दिसला तरी चालण्याजोगा असू शकतो. उलट टो हिरव्या पट्ट्याच्या अगदी टो-आऊटच्या टोकाला असेल, तर पट्टा हिरवा आणि टायर फस्त. रंग बघू नका, प्रिंट मागा आणि आकडा वाचा. रोजच्या वापराच्या फ्रंट-व्हील गाडीला टो शून्याजवळ किंवा किंचित आत हवा.

"त्याच दिवशी" हेही अर्धवटच. नव्या स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरांत थोड्या बसतात. पहिल्या दिवशी टो जागेवर आणा, नक्कीच. पण उंची स्थिरावल्यावर पुन्हा तपासा. आणि त्याआधी मेकॅनिकला एकच विचारा: आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले की चाकांवर भार असताना? लटकत आवळले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी नीट बसत नाही आणि बुशही लवकर फाटतात.

टायर अदलाबदलीने झीज चारांत वाटली जाते, थांबत नाही.

मागच्या चाकांना हा सल्ला सरसकट लागू होत नाही. पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी यांना मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम) आहे. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की तिथे कॅम्बर-टो नगण्य बदलतात. अशा गाडीचा मागचा टायर आतून जात असेल, तर दोष लोअरिंगला देण्याआधी बीम किंवा स्टब (चाक बसतं तो आस) खड्ड्यात वाकलाय का ते मोजून घ्या. जुन्या सिव्हिकसारख्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत मात्र कॅम्बर खरोखर वाढतो आणि तिथे किटला अर्थ आहे.

आणि ग्राइंडरने स्प्रिंग कापून गाडी बसवली असेल, तर आधी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल, तर अलाइनमेंटचे पैसे वाचवा आणि धड स्प्रिंग घ्या.